दोन बॅटऱ्या आणि सटवाईचा उजेड

शनिवार, ११ नोव्हेंबर १९६१, आगरदांडा

आज घराची चावी हातात पडली. घर म्हणजे लढाईतली जुनी अँब्युलन्स. ट्रस्टने ती लिलावात घेतली, पांढरी रंगवली, बाजूला 'फिरते प्रसूतिगृह' असं लिहिलं आणि मला तिच्यासकट धक्क्याच्या वरच्या टेकाडावर आणून सोडलं. आत बाळंतिणीची खाट, माझा झोपायचा बाक, एक कपाट आणि छताला चार दिवे. इथल्या कुठल्याच गावात वीज नाही, म्हणून मागच्या पेटीत पेट्रोलवर चालणारा जनरेटर.

ट्रस्टचे अध्यक्ष दयारामशेठ स्वतः आले होते. जाताना म्हणाले, "कोकिळाबेन, होळीपर्यंत वाट जोऊं. बायका आल्या तो गाडी इथे. नाय आल्या तो पालीबाजूला धाडीन, ने तुम्ही पाछा मुंबईच्या वॉर्डात."

वॉर्डात मला परत जायचं नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. तेव्हापासून दीर, मग भाऊ, मग वसतिगृह, मग वॉर्डातली खाट. स्वतःचं दार आतून लावून घ्यायची ही पहिलीच वेळ. त्या दाराखाली चाकं असली तर बिघडलं कुठे?

मंगळवार, १४ नोव्हेंबर

ड्रायव्हर नुरुद्दीनभाईशी पहिलं भांडण झालं. हा माणूस वीस वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत होता. आता दाढी पिकली तरी इंजिन शिंकलं की याला पडसं होतं.

विषय बॅटरीचा. गाडीत होती ती बॅटरी पार मेलेली आहे. गाडी चालू करायला बॅटरी हवी. छतातल्या दिव्यांना बॅटरी हवी. जनरेटर लावला की बाळंतपणाचा मोठा दिवा लागतो आणि बॅटरीही भरते, पण तो जनरेटर सुरू करायलाच मुळात बॅटरी हवी, कारण दोरी ओढायची त्याची चाकी लढाईतच कुठेतरी पडली. आणि ट्रस्टने मंजूर केली आहे एकच बॅटरी.

"बाई, इंजिन उचलील अशी घेऊ," नुरुद्दीनभाई म्हणाला. "एका दमात धक्का देणारी. गाडी चालली तर घर."

"आणि बाळंतीण अंधारात? दिवे पुरवील अशी घ्यायची. हे घर आहे, चालतं म्हणून काय झालं!"

"चालत न्हाय तर गाडी कसली?"

माझा आवाज असा की आईबापांनी कोकिळा हे नाव ठेवलं याचं लोकांना हसू येतं. धक्क्यावरची माणसं वर येऊन बघायला लागली, तेव्हा आम्ही गप्प बसलो.

सोमवार, २० नोव्हेंबर

दोघंही अलिबागला जाऊन आलो. गॅरेजवाल्याने दोन्ही जातींच्या बॅटऱ्या दाखवल्या. इंजिनवालीत पातळ पत्रे पुष्कळ. ती क्षणभरात सगळा जोर काढून देते, पण हळूहळू पार उपसली तर लवकर मरते. दिव्यांची असते तिचे पत्रे जाड. ती रात्रभर सावकाश देत राहते, धक्का मात्र तिच्याच्याने होत नाही.

"एक पैलवान, एक हमाल," तो म्हणाला. "तुम्हाला कोण हवा?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी दोन वेगळी उत्तरं दिली. मग बराच वेळ हुज्जत घालून आम्ही मधली घेतली, थोडी ही, थोडी ती. गॅरेजवाला हसला. मला वाटतं, आमच्या शहाणपणाचं त्याला कौतुक वाटलं असावं.

सोमवार, २७ नोव्हेंबर

बॅटरी माझ्या बाकाखाली बसवली होती. भरायला लागली की तिच्यातून असा वास सुटतो की डोळे चुरचुरतात. शिवाय तिच्यातल्या तेजाबाने माझ्या पातळाच्या काठाला चाळणी केली. नुरुद्दीनभाई म्हणाला की हा वायू पेट घेतो आणि मी तर शेजारीच स्टोव्हवर कात्र्या उकळते आहे. एवढं ऐकल्यावर मी मिनिटभर त्याच्याशी भांडले नाही. आता बॅटरी बाहेर, फरशीच्या खाली जाळीच्या पेटीत आहे. खाऱ्या हवेने जोडांवर हिरवा गंज चढू नये म्हणून मी प्रसूतीच्या पेटीतलं व्हॅसलिन चोपडलं. नुरुद्दीनभाई म्हणाला, "ही अक्कल बोटीवर कुणाला न्हाय सुचली." मी ऐकलं नाही असं दाखवलं, पण ऐकलं.

मंगळवार, १२ डिसेंबर

नीराबाईचं काय करावं? ती इथली जुनी सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं. रोज संध्याकाळी येते, गाडीच्या पायरीवर बसते आणि माझ्यावर पहारा करते. मी दिवा लावला की हळूच आत सरकते. मान वाकडी करून दिव्याकडे बघत राहते, जणू त्यात काही खोट सापडते का ते तपासते आहे.

आज सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला. "बाय, एवढा दोरा ओव गो."

माझी परीक्षा! मी एका फटक्यात ओवून दिला. ती म्हणाली, "तुजे हात बरं हायेत." मग रोजचा प्रश्न. "ह्यो दिवा रातभर ऱ्हातो का?"

"राहील, पण ठेवायचा नाही. बॅटरी संपते."

"तेल घातलं की?"

"त्यात तेल नसतं, आजी."

"मंग कसला दिवा," म्हणाली आणि बसून राहिली.

बुधवार, ३ जानेवारी १९६२

नावलौकिक म्हणतात तो हळूहळू का होईना, होतो. या आठवड्यात बाळंतपणाला तिघी येऊन गेल्या. तिघींनी एकच सांगितलं, "नीराबाईनं धाडलं, ती म्हनली तिला सवड न्हाय." सवड नाही म्हणे! रोज तर माझ्या पायरीवर बसलेली असते. म्हातारीला आताशा कामाचा कंटाळा आला आहे, दुसरं काय! माझ्या मात्र पथ्यावर पडलं.

सोमवार, २९ जानेवारी

सगळीकडे एकच बोलणं. रविवारी मकरेत आठ ग्रह एकत्र येणार आणि जग बुडणार. वरच्या आळीत शांतीचा होम मांडला आहे आणि नामाचा भोंगा पहाटेपासून मंत्र ओकतो आहे. हा नामा लग्नाला, पूजेला, निवडणुकीला लाउडस्पीकर भाड्याने देतो. माझ्या गाडीकडेच तोंड करून भोंगा बांधतो, म्हणून मी त्याच्याशी चारदा भांडले आहे.

त्याची बायको काशी पहिलटकरीण, दिवस भरत आले आहेत. नामा आज भोंगा बंद करून आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "नर्सबाय, आइतवार टळंल ना?"

"मूल पंचांग बघून येत नाही," मी म्हटलं.

दयारामशेठचं कार्ड आलं आहे. शनिवारी, दहा तारखेला, पाहणीला येतात. धक्क्यावरून गाडीनेच त्यांना घेऊन यायचं, मग जनरेटर, दिवे, सगळं चालवून दाखवायचं.

सोमवार, ५ फेब्रुवारी

जग बुडालं नाही. काशीला काल मुलगी झाली, भर अष्टग्रहीत!

फार जड गेलं. रक्त थांबेचना. पण मोठा दिवा डोक्यावर होता, म्हणून कुठून जातंय ते दिसलं आणि थांबवता आलं. कंदिलावर थांबलं नसतं, हे मी शपथेवर सांगते. नीराबाई काशीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मूल हातात दिल्यावर तिने त्याच्या तोंडावरून, नाकावरून, कानांवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "बापावर गेलीय." सगळ्यांसमोर उगाच मोठेपणा! डोळ्यांनी बघितलं असतं तरी कळलं असतं.

मी दोन वेळा हात धुतले आणि गाडीमागे जाऊन आनंदाने रडले. नंतर काशीला बजावलं की आठवडाभर इथून हलायचं नाही.

आळीतल्या बायका मात्र कुजबुजताहेत. आठ ग्रहांत आलेली पोर, कसलं नशीब घेऊन आली असेल! मला संताप आला. तीन शेर वजनाचं मूल, आणि त्याच्या डोक्यावर आठ ग्रह ठेवायचे!

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

उद्या शेठ येणार. दिवसभर गाडी घासली. नुरुद्दीनभाईचे रोजे चालू आहेत, तरी पठ्ठ्याने चाकंसुद्धा तेलाने पुसली.

आज पोरीची सहावी रात्र, सटवाईची. बायकांना गाडीतच पूजा मांडायची आहे. पाटा, वरवंटा, कोरा कागद, लेखणी. रात्री सटवाई येते आणि त्या कागदावर मुलाचं नशीब लिहून जाते. मी या गोष्टी मानत नाही, पण काशीचा चेहरा बघून चावी दिली आणि स्वतः नीराबाईच्या घरी झोपायला निघाले आहे.

"एक छोटा दिवा लावा," मी नीराबाईला बजावलं. "आणि पूजा झाली की मालवा. उद्या सकाळी त्याच बॅटरीवर गाडी चालू व्हायची आहे. कळलं?"

"व्हय," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझं काही मुकाट्याने ऐकलं.

शनिवार, १० फेब्रुवारी

सगळं सांगते, पण क्रमाने, नाही तर मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी आले तर गाडी उजळलेली. म्हणजे दिव्यांच्या तारा फक्त लालसर, विझत आलेल्या विड्यांसारख्या. चारही दिवे चालू! नुरुद्दीनभाईने बटण दाबलं. इंजिनाने 'टुक' एवढंच केलं. जनरेटरने तेही केलं नाही.

मी नीराबाईकडे वळले. माझा आवाज म्हणे पलीकडे दिघीच्या धक्क्यावर ऐकू गेला. "मालवा म्हटलं होतं ना!"

"बाय, सटवीच्या राती दिवा मालवत्यात का कदी?" ती शांतपणे म्हणाली. "आनि आजवर आमच्या पोरींची नशिबं तिनं मिणमिणत्या पणतीवर लिवली. म्हातारी बाय ती, तिला काय दिसत आसंल? वाकडंतिकडंच लिवनार. ह्या पोरीवर तर आठ ग्रह. म्हनलं, हिच्या टायमाला तरी लख उजेड दावू, म्हंजे नीट लिवील."

मी आत चढून चारही बटणं बंद केली.

"एका रात्रीत चार दिव्यांनी एवढी न्हाय उतरायची," नुरुद्दीनभाई पुटपुटला. मग पुढे जाऊन बघितलं तर गाडीचे मोठे दिवेही चालू. नामा हात चोळत उभा. "मीच लावले. सटवाय घरोघर जाते. आमची पोर गाडीत. गाडी तिला कशी सापडायची? म्हनून वाट दावली."

नुरुद्दीनभाईने हँडल मारून मारून खांदे मोडून घेतले. ठिणगी पडायलाही बॅटरीत थोडा जीव लागतो, तो उरला नव्हता. रोजा, उन्हात घामाघूम, पाण्याचा थेंब नाही. तिकडे खाडीत लाँचचं धुराडं दिसायला लागलं.

मग आळीतल्या कोळ्यांनी होडी ओढायचा दोर आणला. म्हणाले, उतारावर सोडू, पळता पळता चालू होईल. काशी पोरीला घेऊन आतच, कारण मी तिला उतरू दिलं नाही. अख्खी आळी लागली. मागून रेटणारे, उताराला गाडी सुटू नये म्हणून दोर धरून मागे ओढणारे, मधे मी दोघांनाही ओरडणारी. "हैऽऽसा!" गाडी धक्क्यापर्यंत छान गेली. चालू मात्र झाली नाही.

आणि शेठ लाँचमधून उतरले. समोर पांढरी गाडी, तिला दोर, भोवती सगळा गाव घामाने निथळतोय, आत एक मूल रडतंय.

"आ शुं छे? वरघोडो?" शेठने विचारलं. त्यांना ती कुणाची वरातच वाटली.

तिथे थाप मारता आली असती. पण मला कधी बरी थाप सुचलेली नाही. मी म्हटलं, "शेठजी, बॅटरी मेली आहे. चावी मी दिली होती, दोष माझा." आणि सटवाईचं सगळं सांगितलं.

तेवढ्यात नामा धावत आला. खांद्यावर त्याच्या भोंग्याची बॅटरी. त्याच दुपारी मुरुडच्या निवडणूक सभेला जायची, म्हणून रात्रीच्या दिव्यांतून वाचलेली. नुरुद्दीनभाईने दोन तारा लावल्या, बिस्मिल्ला म्हटलं, बटण दाबलं. गाडीने अशी गर्जना केली की शेठची काळी टोपी उडून पाण्यात पडली. कोळ्यांनी ती जाळ्याने काढून दिली. गाव नाचत होतं.

चढावर शेठ गाडीत बसलेच नाहीत. ओली टोपी हातात घेऊन माणसांबरोबर चालत आले. वर आल्यावर म्हणाले, "जे गाडीला आखुं गाम धक्का मारते, ती मी कशी नेऊ? पण बेन, धक्क्यावर चालते ती इस्पितळ नाय. एक महिना देतो. अगियार, अकरा मार्चला मी स्वतः बटण दाबणार. एक वेळा. चालू, तो गाडी तुमची. नाय, तो पाली."

सोमवार, १२ फेब्रुवारी

नामा सकाळी आला आणि भोंग्याची बॅटरी पायरीवर ठेवून उभा राहिला.

"ही ऱ्हाऊ दे हितंच."

"अरे, निवडणूक चालू आहे! तुझा हंगाम."

"निवडनूक पाच वर्सांनी येते, नर्सबाय. पोरगी एकदाच आली. लग्नाला लागला भोंगा, तर नवरानवरीलाच गाडीपाशी बोलावीन."

मी त्याला पुन्हा कधी आवाजावरून बोलणार नाही. निदान या महिन्यात तरी.

नीराबाई दोन दिवस आली नव्हती. म्हणून मीच तिच्याकडे गेले. अंगणात उन्हात बसली होती. मी समोर उभी राहिले तरी तिने हाक मारली नाही. पायरव ऐकून मग मान वाकडी करून बघायला लागली आणि तिच्या दोन्ही बुबुळांवरचा पांढुरका पडदा मला उन्हात दिसला. मोतीबिंदू पिकलेला. सुईतला दोरा, पोरीच्या तोंडावरची बोटं, 'सवड न्हाय' म्हणून धाडलेल्या बायका! नऊ वर्षं नर्स आहे मी, आणि इतके दिवस त्या डोळ्यांकडे नुसती रागाने बघत होते.

"आजी, चल," मी म्हटलं. "पायरी मोकळी आहे."

"बोलशील का?"

"बोलेन."

"मंग येते," म्हणाली.

बुधवार, १४ फेब्रुवारी

दोन बॅटऱ्या आहेत, पण जोडायच्या कशा? नुरुद्दीनभाई म्हणतो, दोन्ही एकत्र बांधू, दुप्पट जोर. मी म्हणते, मग सटवाई दोन्ही पिऊन टाकील. तो म्हणतो, दोन्ही अगदी वेगळ्या ठेवू. मी म्हणते, मग दुसरीला जनरेटरवर भरणार कोण? दुपारपर्यंत हुज्जत.

शेवटी मला माझ्याच कामातलं सुचलं. पोटात असताना आईचं जेवण नाळेतून बाळाला जातं. जन्मलं की नाळ बांधायची, कापायची, मग आईचं अंग आईचं आणि बाळाचं बाळाचं. मधे कापायची सोय हवी, बस्स!

नुरुद्दीनभाई मांडीवर थाप मारून म्हणाला, "खटका! बाई, मधे चाकूचा खटका!"

मग सूर्य मावळेपर्यंत काम केलं. नामाची बॅटरी गाडीला आणि जनरेटरच्या बटणाला, जाड आणि आखूड तारेने, कारण लांब बारीक तारेत जोर वाटेतच सांडतो. ट्रस्टची मोठी बॅटरी फक्त दिव्यांना, आणि मधे फ्यूज. दोन्हींची एक बाजू गाडीच्या अंगाला, दुसऱ्या बाजूंच्या मधे चाकूच्या पात्यासारखा खाली-वर होणारा तांब्याचा खटका. जनरेटर चालू असला की खटका खाली, दोघी जेवतात. बंद केला की खटका वर. तारांवर मी चिकटपट्ट्या लावून नावं लिहिली, गाडीच्या बॅटरीवर 'आई' आणि दिव्यांच्या बॅटरीवर 'बाळ'. नीराबाईने दोघींच्या झाकणांना हळदकुंकू लावलं.

खटका सांभाळायचं काम नीराबाईने मागून घेतलं. डोळ्यांचं काम नाही, हाताचं आहे. जनरेटर थांबला की आतून तिचा आवाज येतो, "नाळ कापली गो!"

सोमवार, २६ फेब्रुवारी

इतके दिवस इंजिन इंजिन करणारा नुरुद्दीनभाई आता दिव्यांच्याच मागे लागला आहे. रोज विचारतो, "बाई, रात्रभर टिकतील ना? मोठा दिवासुद्धा? पहाटेपर्यंत?" शेठची धास्ती घेतलेली दिसते. घरी पाहुणे आहेत म्हणतो, दिघीहून मुलगी माहेरी आली आहे, म्हणून लवकर जातो. रोज काम अर्धं टाकून पळतो. मी दोन शब्द सुनावले.

मंगळवार, ६ मार्च

मी मूर्ख आहे. काल नुरुद्दीनभाई आपल्या मुलीला, अतियाला, हाताला धरून गाडीत घेऊन आला. नऊ महिने भरलेले, कळा सुरू. मागे त्याची बायको झुबेदा कुराण छातीशी धरून.

"आधी सांगितलं का नाही?" मी ओरडले.

"लाज वाटली, बाई. बापाने कसं सांगायचं?" म्हणाला आणि धक्क्यावर जाऊन बसला. संध्याकाळी मुलगा झाला, सुखरूप. आजोबाला सांगायला नीराबाई स्वतः काठी टेकत गेली. रोजा सोडायची वेळ झाली होती, पण याला खजूर तोंडात घालायचं सुचेना. खजूर हातात घेऊन रडत उभा होता, असं ती म्हणाली.

शनिवार, १० मार्च

उद्या शेठ. आज अतियाच्या बाळाची सहावी रात्र. ईदचा शीरखुर्मा सगळ्या आळीला झुबेदाने वाटला, मी तीन वाट्या घेतल्या.

दुपारी नुरुद्दीनभाई माझ्यापुढे टोपी चुरगाळत उभा राहिला. "बाई, आमच्यातबी छठी असते. रात्रभर जागतात. दिवा..." मग स्वतःच म्हणाला, "न्हाय, जाऊ दे. उद्या शेठ यायचाय. गाडी गेली तर सगळंच गेलं."

तारा आम्ही बरोबर जोडल्या आहेत, असं मला वाटतं. पण वाटणं आणि असणं यांत पालीएवढं अंतर आहे. दिवे आज बंद ठेवले तर उद्या बटण नक्की चालेल. लावले, आणि खटक्यात कुठे चुकलं असेल, तर सकाळी पुन्हा 'टुक'. मग माझी ट्रंक आणि वॉर्डातली ती खाट. भीती वाटते, हे खरं आहे.

पण मग दोन बॅटऱ्या कशाला जोडल्या? ज्या घरात बाळंतिणीला दिवा मागायला घाबरावं लागतं, ते घर ठेवून तरी काय करायचं?

"चारही लावा," मी म्हटलं. "जनरेटर थांबवा, खटका वर करा, आणि लावा चारही. पण गाडीचे मोठे दिवे नाही हं. नामा, तुला सांगते आहे. ते 'आई'वर आहेत."

"मंग सटवायला वाट?" नामाने विचारलं.

नीराबाई म्हणाली, "एकदा आलीय ती हितं. आता वाट ठावी झाली."

मी पुढे ड्रायव्हरच्या जागेवर झोपते आहे. आत बायका हसताहेत आणि झुबेदा काहीतरी गाते आहे. काशीही पोरीला घेऊन आली आहे.

रविवार, ११ मार्च

आजचं वहीत लिहीत नाही. या सुट्या कागदावर लिहिते आणि मग वहीत ठेवीन. का, ते शेवटी सांगते.

सकाळी दिवे पुन्हा तसेच, लालसर आणि थकलेले. ट्रस्टची मोठी बॅटरी रात्रभर वाहून पार रिकामी. गाडीभोवती अख्खी आळी, कोळी दोर घेऊन तयार. नुरुद्दीनभाई डोळे मिटून उभा. शेठ आले, नवी टोपी घट्ट दाबून बसवलेली. दिव्यांकडे बघून म्हणाले, "आ तो पाछा गया!"

"दिवे गेले, शेठजी," मी म्हटलं. "तुम्ही बटण दाबा."

नीराबाईने अंधारात शोधावा तसा माझा हात शोधला आणि धरला. म्हणाली, "कापलीय मी, हातानं बगितलंय."

शेठने एकदा बटण दाबलं. जनरेटर पहिल्याच झटक्याला धडधडला. नीराबाईने माझा हात सोडून खटका खाली ओढला आणि छतातले चारही दिवे हळूहळू लाल, मग पिवळे, मग लख्ख पांढरे झाले. नामा ओरडला, कोळी ओरडले, दोन्ही बाळं ओरडली. शेठ काही म्हणत होते. माझ्या आवाजापुढे ते कुणालाच ऐकू गेलं नाही, कारण सगळ्यांत मोठ्याने मी ओरडत होते. नंतर कळलं, ते म्हणत होते, "गाडी तुमची, बेन, गाडी तुमची." शिवाय नीराबाईचे डोळे मुंबईला नेऊन दाखवायचं त्यांनी कबूल केलं. ती म्हणते, खटका कोण सांभाळील ते आधी ठरवा, मग येते.

सगळे गेल्यावर अंथरूण गुंडाळायला पुढे आले. उशीखाली काही खरखरलं. एक कोरा कागद, चार घड्या घातलेला, आणि आत पेन्सिलीचा तुकडा. हळदीची बोटं उमटलेली.

मी नीराबाईला जाब विचारला. "हे काय? मी काय सहा दिवसांची आहे?"

"मोप उजेड होता," ती म्हणाली. "म्हनलं, आलीच हाय तर तुजंबी परत लिवील. पयलं तिनं पणतीवर लिवलं आसंल."

कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितला. सटवाईने काही लिहिलेलं नाही. कदाचित दोन्ही पोरांत तिचा वेळ गेला असेल. म्हणून पेन्सिल घेतली आणि इतका वेळ मीच लिहिते आहे. एवढं लिहून झालं की दार आतून लावून घेणार आहे.